घासलेला नंबर

साइमी रिन्ताला माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी त्याच्या बंदुकीच्या नळीची डावी बाजू बघते, असं लापुआ नदीकाठच्या आमच्या गावांत म्हणायचे. म्हणणारे बहुतेक पुरुष होते, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या बंदुका साइमीने तपासून, तोंडाकडे न बघताच परत केल्या होत्या. तेव्हा या बोलण्यात थोडी जळजळ होती, हे धरून चालायला हरकत नाही.

साठी ओलांडली तेव्हा तिच्यापाशी वीस-बावीस जुन्या लष्करी बंदुका होत्या, दोन गुडघे होते, पैकी एक कामाचा, आणि सगळ्या गावाची खडान्‌खडा माहिती होती. माहितीचं कारण साधं होतं. आपोआप लागणारे टेलिफोन येईपर्यंत पंचक्रोशीचं एक्स्चेंज तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत होतं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा खात्याचा नियम होता. तो तिने कधीच मोडला नाही. फक्त कानाला लावलेलं काढून ठेवायचं तेवढं राहून जाई. कुणाच्या गोठ्यात कुणाची गाय गेली, पाद्रीबुवा रविवारच्या प्रवचनासाठी कुणाकडून उसनवारी करतात, डॉक्टरांना रात्री कोण आणि का बोलावतं, सगळं तिच्या हातातल्या वायरीतून जात असे. पुढे एक्स्चेंज गेलं, त्या खोलीत पोलादी कपाट आलं आणि कपाटात बंदुका. गावकरी म्हणाले, बाई आधी कानाने माणसं टिपायची, आता खऱ्या बंदुका आणल्या.

आमच्या लष्कराच्या जुन्या बंदुकीची गंमत अशी की ती मुळात आमची नाहीच. बोल्ट सरकतो तो पोलादी डबा पूर्वी आमच्यावर राज्य करणाऱ्या झारच्या कारखान्यातला. त्यावर नळी आमची, दस्ता आमच्या बर्चच्या लाकडाचा. ज्याच्या ज्याच्या हाती ती गेली त्याने आपला ठसा ठोकला आणि आधीच्याचा पुसायची तसदी घेतली नाही. त्यामुळे एकाच बंदुकीवर झारचा दोन डोक्यांचा गरुड असतो, तुला नावाच्या शहरातल्या कारखान्याचा हातोडा असतो नाहीतर इझेव्स्कचा धनुष्यबाण, आणि त्यांच्या शेजारी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, आमच्या लष्कराची चौकटीतली दोन अक्षरं. शेजारणीच्या दोरीवरचे कपडे बघून एखादी बाई त्या घरातलं सगळं सांगते, तशी साइमी हे ठसे वाचायची.

खोटा ठसा मात्र तिला सहन होत नसे. सेइनायोकीला दर वसंतात हौशी लोकांचा बंदुकांचा बाजार भरतो. तिथे जुन्या ट्रॅक्टरांचा दलाल मान्तिला एक बंदूक मिरवत होता. साइमीने भिंग काढलं.

"मान्तिला, हा चौकटीतला ठसा कधीचा म्हणालास?"

"बेचाळीसचा. लष्कराचा. का, चष्मा घरी विसरलात वाटतं?"

"आणि हा गंज?"

"गंज जुनाच की. जुन्या बंदुकीला नवा गंज कुठनं आणू?"

"गंज जुना, आणि ठसा मात्र गंजाच्या खड्ड्यातसुद्धा लखलखीत. म्हणजे बंदूक आधी गंजली आणि मग लष्कर आलं. आपल्या लष्कराला उशीर होतो हे मला ठाऊक आहे, पण इतका?"

भोवतालचे हसले. मान्तिला लाल झाला. साइमी हसली नाही. "खोटा ठसा मारणं म्हणजे थडग्यावरचं नाव बदलणं," ती म्हणाली, आणि भिंग पर्समध्ये टाकून कॉफीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. त्यानंतर मान्तिला तिला रस्त्यात दिसला की आकाशात हवामान बघू लागे.

तिच्या या नादाच्या मुळाशी एकच बंदूक होती, आणि ती तिच्याजवळ नव्हती.

युद्धाच्या आधी आमच्या गावांत रक्षक दल असे. शेतकरी, शिंपी, शाळामास्तर, सगळे दलात, आणि ज्याची त्याची बंदूक ज्याच्या त्याच्या घरी, दाराशेजारी, कोटांच्या खुंट्यांना लागून. गावच्या बायकांची वेगळी संघटना होती, लोट्टा. त्यांनी वेलचीचे गोड पाव आणि कॉफी विकून बंदुकांच्या नव्या नळ्यांसाठी पैसा उभा केला. म्हणून त्या बंदुकीला लोक लोट्टा-बंदूक म्हणत. साइमीच्या आईने त्यासाठी किती पाव भाजले याचा हिशेब नाही. घरात मात्र वर्षभर करपलेलेच पाव खाल्ले गेले, कारण चांगले विकायला जात.

अशी एक लोट्टा-बंदूक साइमीच्या थोरल्या भावाला, ओइवाला मिळाली होती. नळीच्या डाव्या बाजूला दलाचा 'एस' आणि पुढे आकडे: २९६१४. ओइवा नेमबाज होता. स्पर्धा जिंकली की चांदीचा चमचा मिळे. बंदूक पुसायचं काम अकरा वर्षांच्या साइमीचं, आणि चमचा घरात आला की त्या चमच्याने पहिला घास खायचा मानही तिचाच. तेलाच्या बोळ्याने तो नंबर तिने इतक्यांदा पुसला होता की स्वतःची जन्मतारीख आठवायला तिला त्याहून जास्त वेळ लागे.

एकोणचाळीसच्या शरदात ओइवाच्या गोळ्या उजवीकडे जाऊ लागल्या. थंडीने लाकूड आक्रसलं की नळी दस्त्यात नीट बसत नाही. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे डब्याखाली, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये, पत्र्याच्या पातळ कपच्या सारायच्या. कपची किती जाड, पुढे कोणती, मागे कोणती, हे ज्याचं त्याचं गुपित. ओइवाला घरात हवा तसा पत्रा सापडेना. मग त्याने साइमीची खोकल्याच्या गोळ्यांची निळी डबी उचलली. तिच्या झाकणावर शेपटी उंचावलेली खार होती. डबीत साइमी रिबिनी ठेवायची. त्याने झाकण बिजागरीपासून कात्रीने कापलं.

"सेइनायोकीहून दुसरी आणतो, रडूबाई!"

"मला दुसरी नको. मला हीच हवी होती."

ती त्याच्याशी बोलायची थांबली. ऑक्टोबरात दलाला सीमेवर बोलावलं, तेव्हाही ती दारात आली नाही. गोठ्यात बसून राहिली. ओइवा ताइपालेच्या आघाडीवर पडला. आमच्याकडे पडलेल्याला घरी आणतात, गावच्या चर्चच्या मातीत ठेवतात, ओइवाही आला. बंदूक आली नाही. बंदूक जो जिवंत असतो त्याच्या हाती जाते.

पुढे साइमीने ती शोधायला सुरुवात केली. लिलाव, मेलेल्यांच्या माळ्यावरच्या वस्तू, बाजार. प्रत्येक बंदुकीची डावी बाजू आधी. नंबर जुळला नाही तरी बंदूक चांगली असली की ती विकत घ्यायची; लोकांना वाटे बाईला संग्रहाची हौस. हौस होतीच पुढेपुढे, पण ती बाजारात अंडी आणायला गेलेल्या बाईने भाजी घेऊन परतावं, तशी.

मग एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात, गावं एकोणचाळीसच्या हिवाळी युद्धाच्या पन्नासाव्या वर्षाच्या तयारीला लागलेली असताना, एस्को पासो तिच्याकडे आला. एस्को म्हणजे शेजारच्या गावचा डुकरांचा शेतकरी, चाळिशीचा. त्याचा बाप यालमारी वसंतात वारला होता. तो ओइवाच्याच तुकडीतला. एस्कोच्या हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. ते तान्ह्या मुलासारखं धरल्यामुळे तो जास्तच संशयास्पद दिसत होता.

"साइमीमावशी, धान्याची जुनी खोली पाडत होतो. दुहेरी भिंत निघाली, आणि भिंतीत हे. बाबांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं."

"तुझ्या बाबाने अवाक्षर कशाबद्दल काढलं होतं, ते सांग. ठेव टेबलावर."

गोधडी उलगडली. लोट्टा-बंदूक. चव्वेचाळीसला तहाच्या अटींवर दल बरखास्त झालं, शस्त्रं जमा करा म्हणून हुकूम निघाला, तेव्हा अशा कितीतरी बंदुका भिंतींत गेल्या होत्या. साइमीने ती खिडकीपाशी नेली आणि डावी बाजू उजेडात धरली.

तिथे नंबर नव्हता. कानशीने घासलेला गुळगुळीत पट्टा होता, बोटभर लांब. अगदी मन लावून घासलेला.

मग तिने दस्ता बघितला. लाकूड कोवळ्या पोरीच्या गालासारखं तुकतुकीत.

"एस्को, हे तू काय केलंस?"

"साफ केली की! नुसता मेणचट थर होता. पॉलिश पेपर मारला, वरून तेल. म्हटलं मावशीकडे न्यायची, जरा माणसात आणू."

"बंदुकीला माणसात आणायची गरज नसते रे, गाढवा. माणसांना बंदुकीत—" तिने वाक्य सोडून दिलं आणि खालचे दोन स्क्रू काढले. डबा लाकडातून उचलला. आतही चकचकीत, स्वच्छ, रिकामं.

"इथे काही होतं?"

"कुठे?"

"इथे, लाकडावर. डब्याच्या खाली."

"अं... होता थोडा पत्र्याचा कचरा. दोन-तीन तुकडे. कुणीतरी कोंबून ठेवलेले. काढून टाकले ना मी."

ज्याला बंदूक कळते तो आमच्याकडे आधी पत्रे कुठून निघाले ते पेन्सिलने लिहून ठेवतो, मग श्वास घेतो. एस्कोला डुकरं कळत.

"टाकले म्हणजे कुठे टाकले?"

"टाकले म्हणजे काय..." एस्को दुखावला. "मी पत्रा फेकून देईन असा दिसतो का तुम्हाला? खिळ्यांच्या डब्यात असतील."

चिक्कूपणाचे गुण गाणारा माणूस मी नाही, पण पासो घराण्याच्या तीन पिढ्यांच्या चिक्कूपणाला त्या दिवशी साइमीने मनातल्या मनात हात जोडले. ती कोट न चढवताच त्याच्या गाडीत जाऊन बसली. निघताना शिवणाच्या टोपलीतून बटणांची निळी डबी तेवढी घेतली. तिला झाकण नव्हतं.

एस्कोच्या कार्यशाळेत खिळ्यांचा डबा कामाच्या टेबलावर उपडा केला. वाकडे खिळे, सरळ करून ठेवलेले वाकडे खिळे, वॉशर, कुणाचा तरी दात. त्यांत तीन पत्रे. दोन साधे. तिसरा एका बाजूने गंजलेला, दुसऱ्या बाजूने निळा. निळ्यावर तपकिरी झुपका होता.

"हे काय आहे, मावशी?"

"खारीची शेपटी."

तिने तो डबीच्या तोंडाला, कापलेल्या बिजागरीशी लावला. कात्रीने कापलेली कड जुळली नसती तरी चाललं असतं. निळा रंग तिने पन्नास वर्षं रोज बघितला होता. पण कडही जुळली. साइमी बाकावर बसली. एस्को खिळे परत भरू लागला.

"मग... बाबांनी नंबर का घासला?" त्याने विचारलं. "चोरली होती का त्यांनी?"

"चोरली असती तर भिंतीत कशाला घातली असती? ओइवाच्या शेजारी तो होता. उचलली असेल, पुढे तीच चालवली असेल. चव्वेचाळीसला लपवायची वेळ आली, तेव्हा स्वतःच्या नावावरची असती तर त्याने नंबर तसाच ठेवला असता. पासोंना घाबरायचं अंग नाही. पण हा नंबर आमच्या घराच्या नावावर नोंदलेला होता. सापडली असती तर झडतीवाले कुणाच्या दारात आले असते? आमच्या आईच्या." तिने पत्रा डबीत ठेवला. "रोज सकाळी डेअरीला फोन करायचा. 'साइमी, डेअरी दे.' इतकी वर्षं मी डेअरी दिली. त्याने मात्र मला एक शब्द दिला नाही, मेल्याने."

तिने 'मेल्याने' जरा मऊ आवाजात म्हटलं. तसाही तो मेलाच होता.

आता फौजदाराला कळवणं आलं. साइमीचा परवाना संग्राहकाचा होता. कपाटात एक बिननोंदणीची बंदूक सापडली तर सगळं कपाट जातं. तिने स्वतःच फोन केला. फौजदार केत्तुनेन पूर्वेकडच्या साव्हो भागातला, आमच्याकडे येऊन बारा हिवाळे झालेले, म्हणजे अजून पाहुणाच. साव्होचा माणूस सरळ उत्तर देत नाही असं आम्ही म्हणतो. आमच्याकडचा माणूस सरळच उत्तर देतो आणि मग वैद्य बोलवावा लागतो, असं ते म्हणतात.

स्वयंपाकघरात बंदूक टेबलावर, कपबश्या बंदुकीच्या दोन्ही बाजूंना. साइमीने आमच्याकडच्या रीतीने भाजलेल्या चीजचे तुकडे कॉफीत सोडले. फौजदाराने घासलेल्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"आपण होऊन आणून दिलीत, तेव्हा एस्कोला काही होणार नाही," तो म्हणाला. "पण बाई, नंबर नाही."

"आहे. एस एकोणतीस सहाशे चौदा."

"तुमच्या डोक्यात आहे. लोखंडावर नाही. परवान्यात मला लोखंडावरचा नंबर लिहायचा असतो. घासलेल्या नंबरची बंदूक म्हणजे कायद्याच्या हिशेबी भंगार."

"मग भंगार म्हणून द्या मला."

"देतो की. भंगार देताना तीन तुकडे करून देतात. नळी कापून, डबा कापून."

साइमीने कप खाली ठेवला. "फौजदार, या नळीसाठी माझी आई वर्षभर पाव भाजत राहिली. माझा भाऊ हिच्यामागे आडवा होऊन मेला. यालमारी पासोने हिला भिंतीत चिणून माझ्या आईला वाचवलं आणि पंचेचाळीस वर्षं गप्प बसला. आता तुम्ही हिचे तुकडे करणार, कारण तुमच्या कागदावर एक रकाना रिकामा राहतो?"

"तो रकाना मी आखलेला नाही."

"आखला नाहीत, पण भरायला तुम्हीच बसलाय."

फौजदाराने चीजचा तुकडा चमच्याने उचलला, बघितला, परत बुडवला. "समजा," तो सावकाश म्हणाला, "मी सोमवारी येऊन बंदूक नेली. समजा, तोवर तिच्यावर नंबर असला. तर मी नंबर असलेली बंदूक नेईन. मी फक्त समजा म्हणतोय."

हे साव्होचं उत्तर होतं. साइमीला ते कळलं, आणि आवडलं नाही.

"सोमवारपर्यंत कशाला? तुमच्या मागे काय चालतं ते तुम्हाला कळू नये, असली माझी कामं नसतात. बसा इथेच."

तिने पुढच्या खोलीतून ठशांची पेटी आणली: एक ते नऊ, शून्य आणि काही अक्षरं. कपाटातल्या तिजोरीच्या चाव्यांचे बिल्ले ठोकण्यासाठी ती घेतलेली होती. नळीला गोधडीचा तुकडा गुंडाळून तिने खिडकीजवळच्या छोट्या शिकंज्यात ती आवळली. एस्को पुढे झाला.

"मावशी, मी ठोकू का? तुमचा हात—"

"तुझा हात या बंदुकीला एकदा लागलाय, तेवढा पुरे."

"बाई," फौजदार म्हणाला, आता खरंच काळजीने, "खोटा ठसा म्हणून बाजारात तुम्ही लोकांची अब्रू काढता. उद्या लोक तुम्हालाच म्हणतील."

"म्हणू देत."

"घासलेल्या जागी मारा निदान. ती खूण झाकली जाईल."

"नाही झाकायची. यालमारीने घासलंय ते दिसलं पाहिजे. तोही ठसाच आहे." तिने पट्ट्याच्या खाली, ज्या जागी कुठल्याच कारखान्याने कधी नंबर मारला नव्हता, तिथे 'एस'चा ठसा टेकवला आणि हातोडी उचलली.

पहिला घाव कपबश्यांना ऐकू गेला. पुढचे पाच सारख्याच जोराने. शेवटचा आकडा जरा तिरका बसला. मग ती थांबली नाही; शेजारी तिने सालही ठोकलं, १९८९, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांत कुणाही शहाण्याला हे काम दलाचं वाटू नये.

फौजदार उठला, वाकून बघितलं. "चार तिरका आलाय."

"तिरकाच राहू दे."

त्याने खिशातून पेन काढलं आणि हातातल्या कागदावर तो नंबर लिहिला, आकडा आकडा नळीवरून वाचत. मग स्वतःहून दुसरा कप कॉफी मागितली. आमच्याकडे बारा हिवाळ्यांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी सरळ मागितलं होतं.

परवाना आला तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. पत्रे परत बसवायचे होते, आणि पुढे कोणता, मागे कोणता हे एस्कोच्या साफसफाईबरोबर गेलं होतं. साइमी नेमबाजीच्या मैदानावर बर्फात गोणपाट टाकून आडवी झाली, वाईट गुडघ्यासकट. शेपटी पुढे ठेवून गोळ्या कागदभर विखुरल्या. मागे ठेवून एकमेकींना खेटून बसल्या, पण उजवीकडे. मग तिने साध्यांपैकी एक पत्रा काढला, आणि त्या मध्यावर आल्या. कागद तिने घडी करून खिशात ठेवला. कुणाला दाखवला नाही.

मग वसंतातला बाजार. तिने लोट्टा-बंदूक टेबलावर मांडली, घासलेला पट्टा वर, नवा नंबर त्याखाली, उजेडात. लोक जमले. साइमीच्या बंदुकीबद्दल आधी बोलायला धाडस लागतं. ते मान्तिलाकडे दोन वर्षांपासून साठलेलं होतं. त्याने स्वतःचं भिंग आणलं होतं, नवं कोरं.

"हा नंबर," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "हा तर कालचा आहे! खोटा ठसा आहे हा, लोकहो!"

"खोटाच आहे," साइमी म्हणाली. "मी ठोकलाय. माझ्या स्वयंपाकघरात, फौजदारासमोर. साल शेजारी आहे, वाचता येत असेल तर वाच."

मान्तिलाने भिंग खाली घेतलं. इतकं सरळ कबूल केलेलं खोटं त्याने आजवर विकलं नव्हतं.

"मग... मग खरा कुठे आहे?"

"त्या पट्ट्यात. घासलेल्या जागी. बघ, दिसतोय का."

तो खरोखरच वाकला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो सरळ झाला. "आणि आत? दस्त्याखाली काय आहे? उघडून दाखवा की, बाई, एवढा अभिमान आहे तर!"

साइमीने बंदूक उचलून गोधडीत गुंडाळायला घेतली.

"आत माझं झाकण आहे," ती म्हणाली. "ते विकायला नाही."